भट्टी सगळ्यांची, जबाबदारी कोणाची? ना-नफा सिरॅमिक स्टुडिओ चालवणारी माणसं

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येतं. फिरणारं चाक, ओल्या मातीचा गोळा, दोन हात आणि तीस सेकंदांत तयार झालेला मग. लाखो लोक ते बघतात. अनेकांना वाटतं, आपणही एकदा करून बघावं.

पण रील संपल्यावर त्या मगाचं काय होतं? तो काही दिवस वाळतो. मग भट्टीत भाजला जातो. मग त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप चढतो आणि तो पुन्हा भट्टीत जातो. चाक एक वेळ घराच्या गॅलरीत मावेल. हजार-बाराशे अंशांपर्यंत तापणारी भट्टी फ्लॅटमध्ये ठेवणं मात्र बहुतेकांना शक्य नसतं. ती महाग असते, तिला वेगळं वायरिंग किंवा गॅसची जोडणी लागते आणि आजूबाजूला मोकळी जागाही लागते.

म्हणून माणसं एकत्र येतात आणि भट्टी वाटून घेतात. कम्युनिटी सिरॅमिक स्टुडिओची मूळ कल्पना एवढीच आहे. अमेरिकेत असे अनेक स्टुडिओ ना-नफा तत्त्वावर चालतात, म्हणजे त्यांना मालक नसतो. मग ते चालवतं कोण? पैसा कुठून येतो? आणि तुमचा मग फुटला तर जबाबदार कोण? सविस्तर समजून घेऊया.

ना-नफा म्हणजे फुकट का?

नाही. ना-नफा संस्था फी घेऊ शकते, वस्तू विकू शकते, कर्मचाऱ्यांना पगार देऊ शकते. वर्षाअखेरीस पैसे शिल्लकही पडू शकतात. फरक इतकाच, की ती शिल्लक कोणाच्या खिशात जात नाही. ती पुन्हा संस्थेच्या कामातच वापरावी लागते. संस्था बंद पडली, तर तिची मालमत्ताही दुसऱ्या सार्वजनिक कामासाठीच द्यावी लागते.

अमेरिकेत अशा संस्थांना करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली मान्यता मिळते. त्यांना देणगी देणाऱ्याला करसवलत मिळू शकते. त्या बदल्यात बहुतेक संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' हे विवरणपत्र भरावं लागतं. ते कोणालाही पाहता येतं. पैसा किती आला, कुठे खर्च झाला, वरच्या पदांवरच्या लोकांना किती पगार मिळतो, हे त्यात असतं.

सुरुवात कुठून झाली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये स्थलांतरितांच्या दाट वस्त्या वाढत होत्या. तिथे 'सेटलमेंट हाऊस' नावाची चळवळ उभी राहिली. सुशिक्षित कार्यकर्ते गरीब वस्तीतच राहायला जायचे आणि तिथे पाळणाघर, वर्ग, आरोग्यसेवा असे उपक्रम चालवायचे. शिकागोमधलं जेन अ‍ॅडम्स यांचं 'हल हाऊस' (१८८९) हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण.

न्यूयॉर्कमध्ये मेरी सिमकोविच यांच्या पुढाकाराने १९०२ मध्ये 'ग्रीनिच हाऊस' सुरू झालं. तिथेच १९०९ पासून मातीकामही सुरू झालं. 'ग्रीनिच हाऊस पॉटरी' आजही चालू आहे.

इतकी वर्षं एखादी जागा टिकते, ती कोणीतरी रोज तिथे उभं असतं म्हणून. इथे जेन हार्टसूक यांनी १९४५ ते १९८२ अशी सुमारे ३७ वर्षं सूत्रं सांभाळली. वस्तीतला हस्तकलेचा वर्ग ही ओळख त्यांच्या काळात बदलली आणि देशातले नामवंत सिरॅमिक कलाकार जिथे येतात अशी ती जागा झाली. आज तिथल्या कलादालनाला त्यांचंच नाव आहे.

पाच कलाकार आणि एक जागा

दुसरं उदाहरण फिलाडेल्फियाचं. कॉलेजमध्ये असताना विद्यार्थ्याला चाक, भट्टी, ग्लेझ सगळं मिळतं. पदवी हातात पडली की हे सगळं एका दिवसात बंद होतं. चित्रकार घरी कागद घेऊन बसू शकतो. सिरॅमिकवाल्याचं भट्टीशिवाय पान हलत नाही.

ही अडचण सोडवायला १९७४ मध्ये जिल बोनोविट्झ, कॅथी रीगन डॅलझेल, जॅनिस मेरेंडिनो, बेट्टी पॅरिसानो आणि केन वाव्रेक या पाच कलाकारांनी शहराच्या ओल्ड सिटी भागात सामायिक जागा सुरू केली. तिचं नाव 'द क्ले स्टुडिओ'. १९७९ मध्ये ती ना-नफा शैक्षणिक संस्था झाली. आधी कलाकारांना काम करायला जागा, मग लोकांसाठी वर्ग, मग कलादालन, असं ते वाढत गेलं.

२०२२ मध्ये ही संस्था साउथ केन्सिंग्टन भागात स्वतःसाठी बांधलेल्या सुमारे ३४,००० चौरस फुटांच्या इमारतीत गेली. केन्सिंग्टन हा एकेकाळी कापड गिरण्यांचा भाग. आपल्या गिरणगावासारखाच तोही आता बदलतोय.

स्टुडिओ चालवणारी माणसं कोण?

मालक नसल्यामुळे काम आणि जबाबदारी अनेकांमध्ये वाटलेली असते. साधारण रचना अशी असते :

विश्वस्त मंडळ : कायद्याने अंतिम जबाबदारी यांची. अंदाजपत्रक मंजूर करणं, कार्यकारी संचालक नेमणं, देणग्या मिळवणं ही त्यांची कामं. या कामासाठी त्यांना सहसा पगार नसतो.

कार्यकारी संचालक : संस्थेचा रोजचा कारभार पाहणारी पगारी व्यक्ती. यांचा बराच वेळ मातीपेक्षा अनुदानाचे अर्ज, बैठका आणि हिशेबात जातो. अनेकदा ही व्यक्ती स्वतः कलाकार असते आणि या पदावर आल्यावर तिचं स्वतःचं काम मागे पडतं.

स्टुडिओ व्यवस्थापक : माती संपली, चाक बिघडलं, कोणी दुसऱ्याचा कप उचलून नेला, सिंकमध्ये माती अडकली, सगळ्या तक्रारी यांच्याकडे येतात.

भट्टी सांभाळणारे तंत्रज्ञ : भट्टी भरणं, तापवणं, थंड झाल्यावर रिकामी करणं, दुरुस्ती करणं. ग्लेझ मोजून-मिसळून बादल्या भरून ठेवण्याचं कामही अनेकदा यांच्याकडेच असतं.

शिक्षक : बहुतेक जण तासावर किंवा वर्गावर पैसे घेणारे कलाकार. एकापेक्षा जास्त ठिकाणी शिकवून घर चालवणारे यात बरेच असतात.

निवासी कलाकार : यांना ठराविक काळासाठी स्टुडिओत कामाची जागा मिळते. नावात 'निवासी' असलं तरी ते तिथे राहतातच असं नाही.

सभासद आणि स्वयंसेवक : फी भरून येणारे हौशी लोक, निवृत्त लोक, विद्यार्थी. टेबलं पुसण्यापासून विक्रीच्या दिवशी गल्ल्यावर बसण्यापर्यंतची कामं यांच्या जोरावर होतात.

भट्टी भरणं इतकं जोखमीचं का?

कारण एका भट्टीत अनेकांची भांडी एकत्र असतात आणि एकाची चूक सगळ्यांना भोवते.

पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सियसच्या आसपास होते. भांडं आतून ओलं राहिलं असेल तर १०० अंशांच्या पुढे त्यातल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर भांडं फुटतं आणि त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. म्हणून तंत्रज्ञ कच्चं भांडं गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत अजून ओल आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. इथे तपासणी खऱ्याखुऱ्या मडक्यांची असते आणि ती रोज करावी लागते.

दुसरी भाजणी ग्लेझची. स्टोनवेअर प्रकारची माती १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजतात. इथे ग्लेझ वितळून काचेसारखं होतं. कोणी ते जाड थरात लावलं किंवा बुडाला पुसायला विसरलं, तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे कोणी कमी तापमानाची माती बाहेरून आणून न सांगता ठेवून देतं. या उष्णतेत ती माती अक्षरशः वितळते आणि फळीवर पसरते. खालच्या थरातली दुसऱ्यांची भांडीही त्यात जातात. बाहेरची माती आणायला अनेक स्टुडिओंमध्ये बंदी असते, ती यासाठी.

भट्टी तापायला अनेक तास लागतात आणि थंड व्हायला साधारण एक दिवस. घाईने दार उघडलं तर तडे जातात. 'माझं भांडं आलं का?' हा प्रश्न आठवड्यातून पन्नास वेळा ऐकून घेणं, हाही या कामाचाच भाग.

न दिसणारा धोका : धूळ

मातीत आणि ग्लेझच्या कच्च्या मालात सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. म्हणून चांगल्या स्टुडिओत कोरडा झाडू मारत नाहीत. ओल्या स्पंजने टेबलं आणि ओल्या पोछ्याने फरशी पुसतात. ग्लेझची पावडर मिसळताना योग्य प्रकारचा मास्क लावतात.

आठवड्यातून दोन तास येणाऱ्या सभासदाला धोका कमी. रोज आठ तास तिथे असणाऱ्या व्यवस्थापकाला आणि तंत्रज्ञाला जास्त. सभासद आपलं टेबल नीट न पुसता निघून गेला, तर ती धूळ बहुतेक वेळा यांच्याच वाट्याला येते.

पैसा कुठून येतो?

वर्गांची फी, सभासदत्व, दुकान आणि कलादालनातल्या विक्रीतला वाटा, देणग्या आणि अनुदानं, हे मुख्य मार्ग. यात एक मोठा पेच आहे. अनुदान देणाऱ्याला दिसणारा उपक्रम हवा असतो : मुलांचा वर्ग, प्रदर्शन, नवीन इमारत. पण विजेच्या भट्टीच्या आतल्या तारा वापरून झिजतात आणि बदलाव्या लागतात, त्याचा फोटो छान येत नाही. वीजबिल, गॅस, विमा आणि पगार भागवायला फीवरच भिस्त राहते.

फी वाढवली की ज्यांना परवडतं तेच येतात. मग नावात 'कम्युनिटी' असलेली जागा खात्यापित्या लोकांचा क्लब व्हायला वेळ लागत नाही. त्यावर अनेक स्टुडिओ शिष्यवृत्ती ठेवतात. काही ठिकाणी सफाई, माती पुन्हा वापरण्याजोगी करणं, भट्टीला मदत अशा कामांच्या बदल्यात वर्ग किंवा जागा मिळते. पैसे नसलेल्या तरुण कलाकाराला यातून दार उघडतं. पण एकजण पैसे भरून भांडी करतो आणि दुसरा त्याच भांड्यांची माती पुसून आपली वेळ मिळवतो, ही विभागणीही इथेच तयार होते. किती तासांच्या कामाला किती मोबदला, यावर वाद होतात आणि ते रास्त आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे स्टुडिओच लोकांकडे नेणं. 'द क्ले स्टुडिओ'ने १९९४ मध्ये 'क्लेमोबिल' सुरू केलं. माती, हत्यारं आणि शिक्षक घेऊन ही गाडी शाळांमध्ये आणि वस्त्यांमधल्या केंद्रांवर जाते. मुलांनी केलेल्या वस्तू स्टुडिओत आणून भाजल्या जातात आणि परत पोहोचवल्या जातात. कच्ची मातीची वस्तू गाडीतून नेणं म्हणजे अंडी नेण्यासारखंच. एखाद्या मुलाने आईसाठी केलेला वाकडातिकडा कप रस्त्यात मोडला, तर त्याला दुसरा देऊन चालत नाही.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

भट्टी वाटून घेणं आपल्याकडे नवीन नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात शेजारची कुटुंबं भट्ट्या मिळून वापरत आली आहेत. फरक हा, की तिथे भट्टीवर घर चालतं. हौशी स्टुडिओत फुटलेला मग म्हणजे हिरमोड, कुंभारवाड्यात फुटलेली मडकी म्हणजे बुडालेली कमाई.

संस्था म्हणून पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे. गांधीविचाराच्या कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात तो उभा केला. कुंभारांना सुधारित तंत्र आणि रोजगार मिळावा हा उद्देश होता. पुढे शहरातले कलाकारही तिथे काम करायला जाऊ लागले.

आज कोणाला असा ना-नफा स्टुडिओ काढायचा असेल तर सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असे पर्याय आहेत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते.

स्टुडिओ निवडताना काय बघाल?

चाकं किती आहेत हे सगळेच विचारतात. त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. भट्टी कोण भरतं आणि त्याला पगार मिळतो का? फरशी कोरडी झाडतात की ओली पुसतात? फी परवडत नसेल तर काही सोय आहे का? आणि भांडं फुटलं तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं : भरपाई मिळणार नाही, पण का फुटलं ते तुमच्यासोबत बसून शोधू. असं सांगणारा माणूस त्या स्टुडिओत असेल, तर तिथे नाव नोंदवायला हरकत नाही. आणि निघताना आपलं टेबल पुसायला विसरू नका.