शिक्षक-पदवीधर निवडणूक : मतपेटी बंद झाल्यावर कागदी मतं कशी मोजतात?

लोकसभा आणि विधानसभेला आपण मशीनचं बटण दाबतो. मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होतं. पण विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात आजही कागदाची मतपत्रिका असते आणि तिची मोजणी हाताने होते. ती कधी कधी रात्रभर चालते. जानेवारी २०२३ मध्ये ३० तारखेला मतदान झालं आणि २ फेब्रुवारीला मोजणी सुरू झाली, तरी अमरावती पदवीधरचा निकाल लागायला ३ फेब्रुवारी उजाडली.

एवढा वेळ का लागतो, हे बऱ्याच शिकलेल्या मतदारांनाही ठाऊक नसतं. आमच्या स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांनी मतदान करून आल्यावर मोठ्या समाधानाने सांगितलं, "आपल्या माणसासमोर छान टिकमार्क करून आलो." सर डबल ग्रॅज्युएट, पण त्यांचं मत बाद. ते कुणी मुद्दाम बाद केलं नाही, मोजणीचा नियमच तसा आहे. म्हणून मोजणीच्या टेबलावर काय होतं ते आपल्या घरातल्या प्रत्येक शिक्षकाने आणि पदवीधराने, विशेषतः आपल्या शिकलेल्या मुलींनी, एकदा समजून घ्यावं.

हे मतदारसंघ कोणते?

महाराष्ट्र विधान परिषदेत एकूण ७८ जागा आहेत. त्यातल्या ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर असे हे मतदारसंघ. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळा किंवा त्यावरच्या संस्थेत मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. पदवीधर मतदारसंघात पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला शिक्षक म्हणून मत देता येत नाही, पण ती पदवीधर असेल तर पदवीधर म्हणून नक्की देता येतं.

मतदान संपताना

मतदानाची वेळ संपली की केंद्राध्यक्ष रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतात. सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून करतात, म्हणजे मागून नवा कुणी घुसत नाही. चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाला मत देता येतं, मग कितीही उशीर होवो.

शेवटचं मत पडलं की मतपेटीची फट बंद करून पेटी सील होते. हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही सील लावता येतं. त्यानंतर केंद्राध्यक्ष मतपत्रिकांचा हिशेब लिहितात : किती मिळाल्या, किती वापरल्या, किती उरल्या, किती रद्द झाल्या. या हिशेबाची नक्कल प्रतिनिधींना मिळते. पुढे मोजणीच्या दिवशी हाच कागद कसोटीला लागतो. पेट्या पोलीस बंदोबस्तात स्ट्राँग रूममध्ये जातात आणि तिच्या दारालाही सील लागतं.

पहिला टप्पा : फक्त मोजणं

मोजणीच्या दिवशी उमेदवार किंवा त्यांच्या प्रतिनिधींसमोर स्ट्राँग रूम उघडतात. पेटी टेबलावर आली की आधी सील शाबूत आहे का ते सगळ्यांना दाखवतात, मग पेटी उघडून मतपत्रिका बाहेर काढतात. या टप्प्यात कोणाला किती मतं पडली ते बघत नाहीत. फक्त कागद मोजतात आणि केंद्राध्यक्षांच्या हिशेबाशी जुळवतात. त्या केंद्रावर ६१२ मतपत्रिका दिल्या असतील तर पेटीतून ६१२ निघायला हव्यात. फरक पडला तर त्याची नोंद होते.

मग ठरावीक संख्येचे गठ्ठे बांधतात, बहुधा २५ किंवा ५० चे. सगळ्या केंद्रांचे गठ्ठे एका मोठ्या हौदात किंवा ड्रममध्ये टाकून मिसळतात. हे मिसळणं फार महत्त्वाचं आहे. एखाद्या केंद्रावर एकाच गावच्या, एकाच शाळेच्या पन्नास शिक्षकांचीच नावं असतात. पेटी वेगळी मोजली तर त्या शाळेने कोणाला मत दिलं ते उघड होईल आणि उद्या संस्थाचालक विचारायला येईल. मिसळल्यावर कोणता कागद कुठून आला हे कोणीच सांगू शकत नाही.

दुसरा टप्पा : वैध आणि बाद

मिसळलेले गठ्ठे टेबलांवर वाटतात. प्रत्येक टेबलावर एक पर्यवेक्षक आणि त्याचे सहायक असतात. समोर जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात. प्रत्येक कागद उघडून दोन्ही बाजूंनी दाखवतात. ज्याच्या नावापुढे १ आकडा आहे, त्याच्या कप्प्यात कागद जातो. शंका असलेला कागद वेगळ्या कप्प्यात पडतो. तो बाद की वैध हे टेबलावरचा कर्मचारी ठरवत नाही, निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात. या निवडणुकीत ते बहुधा विभागीय आयुक्त असतात. प्रतिनिधींना तो कागद बघता येतो आणि हरकत घेता येते.

मत बाद होण्याची कारणं ही :

– १ हा आकडा कुठेच लिहिलेला नाही. फक्त टिकमार्क, फुली किंवा सही केलेली.
– १ आकडा दोघांपुढे लिहिलेला, किंवा दोन नावांच्या मधोमध असा की नक्की कोणापुढे ते कळत नाही.
– एकाच उमेदवारापुढे १ आणि सोबत दुसराही आकडा.
– आकड्याऐवजी अक्षरात "एक" किंवा "पहिला" लिहिलेलं.
– मतदाराची ओळख पटेल अशी खूण : सही, नाव, अंगठा, दुआ किंवा एखादा निरोप.
– केंद्रावर दिलेला जांभळा स्केच पेन न वापरता स्वतःच्या पेनाने लिहिलेलं.

उर्दू शाळांतल्या साथींसाठी एक गोष्ट : आकडा इंग्रजी पद्धतीने, रोमन पद्धतीने किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेच्या आकड्यांत लिहिता येतो. उर्दू त्या यादीत आहे. म्हणजे उर्दू आकडा चालतो, मराठीही चालतो. पण एकाच मतपत्रिकेवर सरमिसळ करू नका, एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा.

तिसरा टप्पा : कोटा

बाद मतं बाजूला काढून वैध मतांची बेरीज होते. एका जागेसाठी वैध मतांना दोनने भागायचं, पूर्णांकावरचा अपूर्णांक सोडायचा आणि त्यात १ मिळवायचा. तो कोटा. पहिल्या पसंतीतच कोणी कोटा गाठला तर तो तिथेच निवडून आला. नाही गाठला तर खरी लांबण सुरू होते. सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या कागदांवरची पुढची पसंती बघून ते कागद उरलेल्या उमेदवारांकडे जातात.

वर्गात मी करते तसा हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

एकूण १०,००० मतं पडली. ४०० बाद. वैध ९,६००. कोटा झाला ४,८०१.

पहिली पसंती : अ ला ४,२००, ब ला ३,५००, क ला १,२००, ड ला ७००. कोटा कोणाचाच नाही.

ड बाद. त्याच्या ७०० कागदांपैकी १५० वर दुसरी पसंती अ, २५० वर ब, १०० वर क. उरलेल्या २०० वर दुसरी पसंतीच नाही. ते कागद तिथेच संपले. आता अ ४,३५०, ब ३,७५०, क १,३००.

क बाद. त्याच्या १,३०० पैकी ३०० अ कडे, ७०० ब कडे गेले, ३०० संपले. आता अ ४,६५०, ब ४,४५०.

कोटा अजूनही कोणी गाठला नाही, आणि कोटा मध्येच कमी होत नाही. नियम असा की दोघांत कमी मतं असलेला ब बाद होतो आणि एकटा उरलेला अ विजयी ठरतो.

आता फरक बघा. अ आणि ब मध्ये अंतर फक्त २०० मतांचं. आणि ५०० मतदारांनी पुढची पसंती न लिहिल्याने त्यांचे कागद रस्त्यातच थांबले. शिवाय ४०० मतं आधीच बाद. म्हणजे निकाल फिरवू शकतील असे ९०० शिकलेले लोक केंद्रावर जाऊनही या शेवटच्या निवाड्यात नव्हते.

काही गैरसमज

"दुसरी पसंती लिहिली तर माझ्या पहिल्या माणसाचं नुकसान होईल." असं अजिबात होत नाही. तुमचा पहिला उमेदवार मैदानात आहे तोवर तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे कोणी बघतही नाही. तो बाद झाला तरच ती उघडते.

"सगळ्यांना पसंती द्यावीच लागते." नाही. फक्त १ सक्तीचा आहे. बाकी तुमच्या मर्जीवर.

"मध्ये आकडा चुकला तर अख्खं मत जातं." तसं नाही. १ नीट असेल तर मत वैध आहे. १, २ नंतर थेट ४ लिहिला, किंवा ३ दोघांपुढे लिहिला, तर २ पर्यंत मत चालतं, पुढे त्याचा उपयोग होत नाही.

मोजणीबद्दल शंका असेल तर उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी एक फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी कागद पुन्हा तपासायची मागणी करू शकतो. म्हणून प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्याने कागद-पेन घेऊन, प्रत्येक फेरीची बेरीज स्वतः करत बसावं. विजयी, बाद आणि संपलेले कागद मिळून आकडा दर फेरीत सारखाच यायला हवा. वरच्या उदाहरणात शेवटी ४,६५० अधिक ४,४५० अधिक ५०० म्हणजे पुन्हा ९,६००. बेरीज जुळली नाही तर तिथेच हात वर करायचा, घरी येऊन तक्रार करून उपयोग नाही.

आधी यादीत नाव

हे सगळं कामाला येईल ते यादीत नाव असेल तरच. या मतदारसंघांची यादी दर निवडणुकीआधी नव्याने तयार होते. मागच्या वेळी मत दिलं होतं म्हणून यावेळी नाव असेलच असं नाही. पदवीधरांसाठी नमुना १८ आणि शिक्षकांसाठी नमुना १९ भरायचा असतो. पात्रता १ नोव्हेंबर या तारखेला मोजतात. आपल्या घरांत बी.ए., बी.एस्सी. झालेल्या किती सुना आणि मुली आहेत, त्यांच्या डिग्र्या कपाटात पडून आहेत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर डिग्रीवरचं आणि आत्ताचं नाव एकाच व्यक्तीचं आहे हे दाखवणारा कागद आधीच तयार ठेवा. ऐन वेळी धावपळ होते आणि फॉर्म राहून जातो.

आपल्याकडे उलेमा मताला गवाही म्हणतात, अमानत म्हणतात. गवाही द्यायला कोर्टापर्यंत जायचं आणि तिथे बोलायचं मात्र चुकीचं, असं नको व्हायला. पुढच्या वेळी केंद्रात गेलात की तिथलाच जांभळा पेन उचला, आपल्या पसंतीच्या नावापुढे स्पष्ट १ लिहा, मन असेल तर २ आणि ३ लिहा, घडी घाला आणि पेटीत टाका. टिकमार्क वह्या तपासायला ठेवा.