वळिवड्याची पोलिश शाळा

परप्रांती राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांत, मुलांची मायबोली टिकेल कशी, ही चिंता जुनीच आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी एकदा परदेशी मातांनीही हीच चिंता वाहिली होती. त्यांच्या शाळेची हकिगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे देत आहोत.

१९३९ साली सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि तेथील लाखो माणसे सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार झाली. १९४१ च्या करारान्वये सुटका झाल्यावर त्यांपैकी काही जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. तेथून १९४३ पासून कराचीमार्गे सुमारे ५,००० निर्वासित पंचगंगेकाठच्या या छावणीत आले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. (नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आसरा दिलेली काही मुलेही पुढे येथेच आली.)

बराकींतून प्राथमिक वर्गांपासून माध्यमिकापर्यंत शाळा उभी राहिली. माध्यम अर्थातच पोलिश. परंतु पोलिश क्रमिक पुस्तके कोल्हापुरात मिळणार कोठून? जी हाती लागत ती अपुरी पडत. फळा, खडू, वही आणि शिकवणाऱ्यांची स्मरणशक्ती एवढ्याच भांडवलावर पुष्कळसे शिक्षण चाले. शिक्षिका आठवणीतून सांगत, मुले उतरून घेत. कित्येक मुलांची शाळा हद्दपारीत बुडालेली, त्यामुळे वय आणि इयत्ता यांचा मेळ बसत नसे. शाळेबाहेर बालवीर पथके, गाणी, लोकनृत्ये व सणवार होतेच. आमच्या मते भाषेचे निम्मे शिक्षण तेथेच झाले असावे.

सारा खटाटोप मायदेशी परतण्यासाठी होता. पण १९४५ साली त्यांचे पूर्वेकडील जिल्हे सोव्हिएत हद्दीत गेले, आणि ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या घराचा भूगोल शिकवायचा, ते घर आता त्या देशातच उरले नव्हते. तरीही वर्ग चालूच राहिले.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. थोडे पोलंडला गेले. बाकीचे ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. त्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि कापडपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर वसले.

तेव्हा ते शिक्षण वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. वळिवड्याच्या आणि बालाचडीच्या त्या मुलांनी मोठेपणी इंग्लंडमध्ये आपले मंडळ स्थापन केले, आणि २००० साली लंडनहून हिंदुस्थानातील वास्तव्याच्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. तो त्यांनी पोलिश भाषेत लिहिला.