सोतेर्न वाइन : आस्वादाच्या बदलत्या परंपरेचा इतिहास

प्रस्तावना

फ्रान्समधील बोर्दो शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर सोतेर्न हा लहानसा द्राक्षोत्पादक प्रदेश आहे. तेथील सोनेरी, गोड वाइन जगभर ‘भोजनोत्तर मिष्टान्नाची वाइन’ म्हणून ओळखली जाते. ही ओळख तिच्या गोडीतूनच निर्माण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे चित्र दाखवितो. भोजनातील तिचे स्थान काळानुसार कसे बदलले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

सिरोन या लहान नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या तुलनेने उबदार पाण्यास मिळते आणि शरद ऋतूत पहाटे दाट धुके पसरते. या दमट हवेत ‘बॉट्रायटिस सिनेरिया’ ही बुरशी पिकलेल्या द्राक्षांवर वाढते, तर दुपारच्या उन्हामुळे तिचे रूपांतर सडीत होत नाही. बुरशीमुळे सालीला सूक्ष्म छिद्रे पडून पाणी उडून जाते. साखर व आम्लता दोन्ही एकवटतात. सर्व मणी एकाच वेळी या अवस्थेस पोहोचत नसल्याने निवडक मण्यांची तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते. शातो दिकेम या प्रसिद्ध मळ्यात एका वेलीपासून सरासरी एक पेला वाइन मिळते, असे सांगितले जाते.

प्रतिष्ठेचा काळ

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांकडून गोड पांढऱ्या वाइनला मोठी मागणी होती व तिने या प्रदेशाच्या उत्पादनास दिशा दिली. अमेरिकेचे फ्रान्समधील तत्कालीन राजदूत थॉमस जेफरसन यांनी १७८७ मध्ये बोर्दोला भेट दिली आणि त्याच वर्षी इकेमच्या १७८४ च्या हंगामातील २५० बाटल्या मागविल्या. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दोच्या वाइनची श्रेणीवार यादी तयार झाली. तीत पांढऱ्या वाइनपैकी केवळ सोतेर्न व बार्साक येथील गोड वाइनना स्थान मिळाले आणि सर्वोच्च विशेष श्रेणी एकट्या इकेमला देण्यात आली.

भोजनातील स्थान

७ जून १८६७ रोजी पॅरिसच्या काफे आंग्ले येथे रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, प्रशियाचा राजा पहिला विल्यम व बिस्मार्क यांच्यासाठी झालेली मेजवानी या संदर्भात महत्त्वाची आहे. तिच्या वाइनच्या यादीत १८४७ ची इकेम मदिरा व शेरीनंतर, परंतु बर्गंडी आणि बोर्दोच्या तांबड्या वाइनच्या आधी येते. गोड वाइन शेवटासाठी राखून ठेवण्याचा दंडक त्या काळी रूढ नव्हता, असे या क्रमावरून सूचित होते. एकोणिसाव्या शतकात कालवे व मासे यांच्यासोबतही सोतेर्न दिली जात असे.

सर्व पदार्थ एकाच वेळी मांडण्याची जुनी फ्रेंच पद्धत मागे पडून एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत त्याच शतकात रुजली. त्यामुळे प्रत्येक पदार्थासाठी ठरावीक वाइन नेमणे सोयीचे झाले. विसाव्या शतकात कोरड्या वाइनची आवड वाढली आणि गोड वाइन भोजनाच्या शेवटी ढकलली गेली. इकेमनेही १९५९ पासून ‘इग्रेक’ ही कोरडी वाइन काढण्यास प्रारंभ केला.

आस्वाद आणि जोडी

सोतेर्न साधारणतः ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमानास लहान पेल्यात देतात. प्रथम रंग पाहावा : नवी वाइन फिकट सोनेरी, तर जुनी अंबरवर्णी असते. त्यानंतर जर्दाळू, मध, संत्र्याची साल व केशर यांची आठवण करून देणारा गंध घ्यावा. गोडीपाठोपाठ जाणवणारी आम्लता हीच तिची खरी कसोटी होय. आम्लता नसेल तर गोडी जड वाटते.

अतिगोड मिष्टान्नासोबत ही वाइन फिकी पडते, कारण जिभेला पदार्थाची साखर अधिक जाणवते. उलट मेंढीच्या दुधापासून बनणारे, निळ्या बुरशीचे खारट रोकफोर चीज तिची गोडी उठावदार करते. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये हंसाच्या वा बदकाच्या पुष्ट यकृताचा ‘फ्वा ग्रा’ हा स्निग्ध पदार्थ भोजनाच्या प्रारंभी सोतेर्नसह खाण्याची रीत आजही आहे. जुन्या क्रमाचा हा जिवंत अवशेष मानता येईल.

निष्कर्ष

‘मिष्टान्नाची वाइन’ हे विशेषण सोतेर्नच्या गुणधर्मापेक्षा वाढपाच्या पद्धतीतील व अभिरुचीतील बदलाचे द्योतक आहे. त्याची किंमत उत्पादकांना मोजावी लागते. १९३६ मध्ये अधिकृत भौगोलिक नामांकन मिळालेल्या या वाइनसाठी हेक्टरी कमाल २५ हेक्टोलिटर उत्पादनाची मर्यादा आहे. प्रतिकूल हवामानामुळे २०१२ च्या हंगामाची इकेम काढलीच गेली नाही. इतक्या कष्टाने व जोखमीने तयार होणारी वाइन केवळ शेवटच्या घोटापुरती उरली, तर तिची मागणी आक्रसणे अपरिहार्य ठरते. म्हणून तिला भोजनाच्या मध्यावर पुन्हा स्थान देणे ही नवी टूम नसून विस्मृतीत गेलेल्या परंपरेचे पुनरुज्जीवन ठरेल. अभिरुची निसर्गदत्त वाटली तरी ती इतिहासानेच घडविलेली असते, हेच या अभ्यासातून स्पष्ट होते.