दुनळीवरची नक्षी

ग्वाल्हेरच्या काही जुन्या मराठी वाड्यांत दसऱ्याच्या पूजेला तलवारीशेजारी दुनळी बंदूकही मांडतात. शिंदे सरकारच्या काळात शिवपुरीच्या जंगलात शिकारी होत, तेव्हाच्या हौसेची ही खूण. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि अशा बंदुकांच्या वाट्याला फक्त हळदकुंकू उरले.

माझ्या मामांकडची दुनळी बारा बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी बारा बोअरची, असा हा जुना हिशेब. बाहेर दोन घोडे, अक्रोडाचा दस्ता आणि नळ्यांवर तपकिरी-करड्या लहरी. या लहरी कोरलेल्या आहेत असे घरात सगळे समजत. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, पण बरीच वर्षे मलाही तसेच वाटे.

प्रत्यक्षात ती नळीच पीळ देऊन घडवलेली असते. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकावर एक रचून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या. त्यातून निघालेली चौकोनी सळई लालबुंद असताना दोरखंडासारखी पिळायची. अशा दोन-तीन पिळलेल्या सळया शेजारी जोडून पट्टा करायचा, तो गजाभोवती गुंडाळायचा आणि कडेला कड हातोड्याने जोडत न्यायची. मग आतून भोक साफ करून बाहेरून कानस चालवायची. शेवटी आम्ल लावले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि पीळ उमटतो. हे काम तुर्कस्तानात आणि आपल्याकडेही होत असे. पुढे बेल्जियममधले लिएज आणि इंग्लंडमधले बर्मिंगहॅम त्यासाठी गाजले. नाव मात्र दमास्कसचे! तिथल्या प्रसिद्ध तलवारींचे पोलाद वेगळे, मुशीत वितळवलेले.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू काढली. थोडक्या दारूत जास्त जोर. पिळाच्या नळ्या काळ्या दारूच्या मापाने घडवलेल्या, आणि त्यांत जोडच जोड. एखाद्या जोडात राख अडकलेली असली किंवा आत गंज धरला असला, तर वरून काहीच दिसत नाही. पुढे अखंड पोलादाच्या नळ्या आल्या आणि ही कारागिरी मागे पडली.

दोन वर्षांपूर्वी मामेभावाने दुकानातून नवी काडतुसे आणली; दसऱ्याआधी रेंजवर बंदूक चालवून बघायची म्हणाला. परवाना होता, सगळे कायदेशीर. मी नळ्या उतरवून खालचे शिक्के पाहिले. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून कायद्याने स्थापलेले प्रूफ हाऊस आहे. तिथे जादा दारू भरून नळी पारखतात आणि टिकली तर शिक्का मारतात. मामांच्या नळ्यांवर शिक्के होते, पण बिनधुराच्या दारूचा, म्हणजे नायट्रोचा, नव्हता.

"आजोबा चालवायचेच की!" तो म्हणाला.

"ते काळ्या दारूची काडतुसे घालायचे," मामाच म्हणाले.

भाऊ आठ दिवस बोलला नाही. काडतुसे दुकानात परत गेली. बंदूक पाटावर असते. मामी तेलाच्या फडक्याने पुसते आणि खिडकीतल्या उन्हात धरली की एका पट्ट्यात तीन सळयांचे पीळ वेगवेगळे मोजता येतात.