कॅश बस्टिंग म्हणजे काय? वेबसाइट बदलूनही जुनंच पान का दिसतं, आणि बिल्डमध्येच उपाय कसा करायचा

भोपाळ : ऑनलाइन केंद्रावर फॉर्म भरताना पान नीट दिसलं नाही, की 'कंट्रोल आणि एफ-५ दाबा' हा सल्ला हमखास मिळतो. तो दाबायची वेळ येते ती कॅशमुळे. वेबसाइट बनवणाऱ्यांनी काळजी घेतली, तर लोकांना हे करावंच लागत नाही.

कॅश काय करतं?

ब्राउझर पानाच्या सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि चित्रांच्या फाइल आपल्याकडे साठवून ठेवतो. पुढच्या वेळी पान पटकन उघडतं, मोबाइलचा डेटाही वाचतो. फाइल किती काळ वापरायची, हे सर्व्हर 'कॅश-कंट्रोल' हेडरमधल्या 'मॅक्स-एज'ने सेकंदांत सांगतो. ३,१५,३६,००० लिहिलं तर ३६५ दिवस. तेवढ्या मुदतीत ब्राउझर सहसा सर्व्हरला पुन्हा विचारत नाही.

नुकसान कुठे होतं?

मध्य प्रदेशातले कितीतरी अर्ज भोपाळमधून चालणाऱ्या साइट्सवर भरले जातात आणि भरणारे बऱ्हाणपूर, बैतूल, पांढुर्ण्यात बसलेले असतात. केंद्रावरच्या एकाच संगणकावर तीच साइट दिवसभर उघडते, त्यामुळे जुन्या फाइल तिथे पक्क्या बसतात. समजा, फॉर्ममध्ये एक नवा रकाना सक्तीचा केला. सर्व्हर तो मागतो, पण संगणकातली जुनी जावास्क्रिप्ट तो पाठवतच नाही. अर्ज परत येतो. शेवटची तारीख असेल तर अर्जदाराला वाटतं, साइटच बंद पडली.

उपाय : मजकूर बदलला की नाव बदला

ब्राउझर फाइल ओळखतो तिच्या पत्त्यावरून. पत्ता नवा दिसला की तो फाइल नव्याने आणतो. यालाच कॅश बस्टिंग म्हणतात. पण हाताने 'व्ही-२', 'व्ही-३' लिहीत बसलं तर एखाद्या दिवशी राहून जातंच. म्हणून हे काम बिल्डवर सोपवायचं :

१. बिल्ड टूल प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून हॅश काढतं. 'स्टाइल.सीएसएस'चं 'स्टाइल-८एफ३बी२सी.सीएसएस' होतं. मजकुरात एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. काहीच बदललं नाही तर नाव तेच राहतं आणि वाचकाला ती फाइल पुन्हा डाउनलोड करावी लागत नाही.

२. जुनं नाव आणि नवं नाव यांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, तयार होते. तिच्यावरून एचटीएमएलमध्ये नवी नावं आपोआप बसतात.

३. हॅश असलेल्या फाइलना वर्षभराची मुदत आणि 'इम्युटेबल' द्यायचं. एचटीएमएलला मात्र 'नो-कॅश'. याचा अर्थ 'साठवू नका' असा नाही. 'वापरण्याआधी सर्व्हरला विचारा' असा आहे. एचटीएमएलच जुनं राहिलं तर नवी नावं ब्राउझरला कळणारच नाहीत.

'व्हीट' हे टूल बिल्डच्या वेळी नावात हॅश आपणहून घालतं. वेबपॅकमध्ये 'कंटेंटहॅश' लिहावं लागतं. तिथे 'फुलहॅश' वापरू नका, कारण एक फाइल बदलली तरी सगळ्यांची नावं बदलतात. जँगोत 'मॅनिफेस्ट स्टॅटिक फाइल्स स्टोरेज' हेच काम करतं.

वर्डप्रेसवर साइट असेल तर

अनेक छोटे पोर्टल वर्डप्रेसवर चालतात. थीमची फाइल जोडताना व्हर्जन दिलं नाही, तर वर्डप्रेस पत्त्यामागे स्वतःचाच व्हर्जन क्रमांक लावतं. मग तुम्ही थीमची सीएसएस कितीही वेळा बदला, वर्डप्रेस अपडेट होईपर्यंत पत्ता तोच. व्हर्जनच्या जागी 'फाइल-एम-टाइम'ने फाइल बदलल्याची वेळ दिली, की प्रश्न सुटतो.

साइटवर चढवताना क्रम पाळा

आधी नव्या फाइल चढवा, मग एचटीएमएल. उलटं केलं तर मधल्या वेळेत आलेल्याला नवं पान मिळतं, पण त्यातल्या फाइल सापडत नाहीत. जुन्या फाइलही लगेच पुसू नका. कुणी सकाळी पान उघडून ठेवलं असेल आणि दुपारी बटण दाबलं, तर ते पान जुन्याच नावाची फाइल मागणार. काही दिवस दोन्ही राहू द्या. सीडीएन असेल तर तिथलं एचटीएमएलही साफ करा. सर्व्हिस वर्करच्या फाइलचं नाव मात्र कायम तेच ठेवा आणि तिला लांब मुदत देऊ नका.

तपासायचं कसं?

एका सीएसएस फाइलमध्ये एक रंग बदला आणि पुन्हा बिल्ड करा. त्या फाइलचं आणि तिचा उल्लेख असलेल्या फाइलचं नाव बदललं, बाकीच्यांची तशीच राहिली, तर मांडणी बरोबर आहे. मग आधी साइट उघडलेल्या मोबाइलवर पान साधं रिफ्रेश करा. कंट्रोल एफ-५ न दाबता नवा रंग दिसला पाहिजे.