बहिरा कान, बधिर कातडी

भंडारा जिल्ह्यात कुष्ठरोगाची शोधमोहीम निघाली की आशाताई घरोघरी विचारतात, ‘अंगावर बधिर चट्टा आहे का?’ संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतात ‘ध’चा ‘ह’ झाला आणि त्यातून आपला ‘बहिरा’ आला. ‘मूकबधिर’मध्ये जुना अर्थ अजून टिकून आहे; एरवी मराठीने बहिरा कानाला ठेवला आणि बधिर कातडीला दिला. ज्या कातडीपर्यंत स्पर्शाची हाक पोचत नाही, ती बधिर.

ही हाक किंवा हालचालीची आज्ञा नेमकी कुठे अडते, यावर शरीराची अवस्था ठरते. कुष्ठरोगाचे जंतू हाता-पायांकडे जाणाऱ्या नसांना ग्रासतात. कोपराजवळची नस गेली की करंगळीकडची बाजू बधिर होते आणि बोटे वाकडी होतात. गुडघ्याजवळची गेली की पाऊल लुळे पडते. चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो, पण कळत नाही. जखम चिघळत जाते आणि बोटे झिजतात. ती आपोआप गळून पडत नाहीत. न कळलेल्या जखमांनी ती जातात.

आता भंडाऱ्याच्याच धानपट्ट्यातली लाखोळी पाहा. कापणीआधी धानाच्या ओलीत फेकलेले हे कडधान्य दुष्काळात गरिबाचे मुख्य अन्न होई. महिनोन्‌महिने तेवढ्यावरच राहिल्यास त्यातले विषारी द्रव्य मेंदूकडून मज्जारज्जूतून पायांकडे जाणाऱ्या आज्ञेच्या वाटा बिघडवते. पाय लुळे पडत नाहीत, आखडतात. माणूस एका काठीवर येतो, मग दोन काठ्यांवर, शेवटी रांगतो. या विकाराच्या ‘लॅथिरिझम’ नावात लाठी ऐकू येते खरी, पण ते लाखोळीच्या प्रजातीच्या ग्रीक नावावरून आले आहे. इथे स्पर्श बहुधा शाबूत राहतो. पाय उचलत नाही, पण काटा रुतल्याचे कळते. म्हणून या पायांना बधिर म्हणता येत नाही.

आणखी वर, मेंदूतच एका बाजूचा रक्तपुरवठा थांबला तर विरुद्ध बाजूचे अर्धे अंग जाते, कधी हालचालीसह स्पर्शही. त्याला आपण लकवा म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, ‘लक्वा’. तिथे त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच होता, मराठीत तो अर्ध्या अंगावर पसरला. ‘पक्षाघात’मधला पक्ष म्हणजेही बाजू.

लुळा, आखडलेला, बधिर हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. रुग्णाने नेमका शब्द सांगितला, तर बिघाड नसेत आहे, मज्जारज्जूत आहे की मेंदूत, याचा पहिला अंदाज डॉक्टरला तिथेच येतो.

शेवटी ‘वेदना’. तिचा धातू विद्, म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान हे सारे त्याच घरचे. आपण वेदनेला शत्रू समजतो, पण भाषेने तिला ज्ञानाच्या कुळात ठेवले आहे. बधिर हाताला हेच ज्ञान उरत नाही, म्हणून तो स्वतःला वाचवू शकत नाही.

म्हणून न दुखणारा, न खाजणारा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणू नका. दुखत नाही, हेच दाखवण्याचे कारण आहे. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते, सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते, आणि वेळेत घेतले तर नसा वाचतात.