एका सेकंदाचा हिशेब

दोन निसर्गचक्रांचा मेळ घालीत राहणे हे कालगणनेचे सर्वांत जुने काम होय. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. हा ११ दिवसांचा फरक साचू नये म्हणून आपल्या पंचांगकर्त्यांनी साधारण ३३ महिन्यांनी एक अधिक मास घालण्याची व्यवस्था केली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देणाऱ्या आपल्या घरांना ही दुरुस्ती चांगलीच परिचयाची आहे. लीप सेकंद हा याच कुळातील, पण अगदी धाकटा वंशज. तो आता निवृत्तीच्या वाटेवर आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास येथे मांडीत आहोत.

पूर्वी सेकंद हा दिवसाचा ८६,४०० वा भाग मानला जाई. म्हणजे घड्याळाची मालकी पृथ्वीकडे होती. १९५५ साली इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सिझियमचे अणुघड्याळ चालविले, आणि १९६७ मध्ये ही मालकी अणूकडे गेली. सिझियमच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी नवी व्याख्या झाली. अणू अत्यंत नियमित, पृथ्वी मात्र तशी नाही. भरतीओहोटीच्या घर्षणाने तिचे परिवलन शतकानुशतके मंदावत आले आहे. १९७२ च्या सुमारास दिवस ८६,४०० सेकंदांहून सुमारे तीन सहस्रांश सेकंदांनी मोठा होता. रोजची ही कवडी वर्षाकाठी एका सेकंदाच्या घरात जाई.

यावर तोडगा म्हणून १ जानेवारी १९७२ पासून नवी पद्धत आली. अणूची वेळ आणि पृथ्वीची वेळ यांतील अंतर ०.९ सेकंदापलीकडे जाऊ द्यायचे नाही; तसे दिसू लागले की जून वा डिसेंबरअखेर एक सेकंद जादा घालायचा. २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. त्यांतील शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला.

मग तक्रार कशाची? लीप वर्षाला नियम आहे, म्हणून ते यंत्राला आधीच शिकविता येते. लीप सेकंदाला नियम नाही. पृथ्वीची चाल पाहून पॅरिसहून जेमतेम सहा महिने आधी सूचना निघते. जून २०१२ अखेरच्या सेकंदाने काही मोठी संकेतस्थळे अडखळली आणि ऑस्ट्रेलियात विमान प्रवाशांच्या रांगा लागल्या. कोणी तो सेकंद अनेक तासांत विखरून टाकतो, तर उपग्रहांवरील जीपीएसची घड्याळे तो मोजतच नाहीत. सर्वांची वेळ एक राहावी म्हणून योजलेल्या उपायातूनच अनेक वेळा निर्माण झाल्या.

अमेरिका आणि फ्रान्स यांना ही पद्धत नकोशी झाली होती. घड्याळाचे सूर्याशी असलेले नाते तुटू नये, असे ब्रिटनचे म्हणणे होते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांची रचनाच लीप सेकंद धरून केलेली असल्याने त्या देशाला मुदत हवी होती. जिनिव्हात २०१२ आणि २०१५ मध्ये निर्णय पुढे ढकलला गेला. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना ही कार्यपद्धती नवी वाटू नये! अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायच्या परिषदेत ठरले की २०३५ पर्यंत ०.९ सेकंदाची मर्यादा वाढवावी, आणि ती इतकी की निदान शतकभर दुरुस्तीची गरज पडू नये. दरम्यान पृथ्वीने वेगळेच वळण घेतले. ती किंचित वेगाने फिरू लागली, २०१६ नंतर २०२५ अखेरपर्यंत एकही सेकंद घालावा लागला नाही, उलट एक वजा करावा लागेल की काय, अशी चर्चा सुरू झाली.

शतकभरात मिनिटभराचा फरक पडला, तर सामान्य माणसाचे काय बिघडणार? काहीच नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. त्यामुळे आमच्या इंदुरात सूर्य सरासरी सव्वीस मिनिटे उशिराने माथ्यावर येतो, आणि कोणाचेही जेवण त्यावाचून अडत नाही.

आमची शंका निराळी आहे. लीप सेकंद रद्द झाला असे म्हटले जाते. वस्तुतः दुरुस्ती लांबणीवर पडली आहे, फरक साचतच राहणार. ज्युलियन पंचांगात वर्षाला अवघी ११ मिनिटे चुकत होती. १५८२ मध्ये दहा दिवस गाळावे लागले. आपली मकरसंक्रांत सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाच्या आरंभाशी जुळत होती. वर्षाला वीस मिनिटांची तफावत दुर्लक्षित राहिली, आणि आज ती तीन आठवड्यांहून अधिक पुढे, १४ जानेवारीला येते. तिळगूळ तितकाच गोड लागतो, पण सण ज्या खगोलीय घटनेचा, ती केव्हाच होऊन गेलेली असते.

म्हणून यंत्रज्ञांची अडचण मान्य करूनही आम्हांला वाटते की नवी मर्यादा ठरविताना ती ओलांडल्यावर दुरुस्ती कशी करायची, हेही आजच लिहून ठेवावे. लहान हप्ते त्रासदायक असतात खरे. पण ते बंद केले म्हणून ऋण फिटत नाही, ते नातवंडांच्या नावे चढते.